रोजची झडती

केशरबाईंच्या नवऱ्यानं जत्राजत्रांतून फिरवलेलं पिनबॉलचं जुनं मशीन त्याच्या माघारी धूळ खात होतं. दुरुस्तीला केडगावचा मेकॅनिक येऊ लागला. बाईंची नजर त्याच्या हातांवरून हलत नसे. रोज संध्याकाळी “कर पिशवी उपडी” म्हटल्याशिवाय त्या सोडत नसत. तरुणपणी त्यांचं पैंजण हरवलं, तेव्हा धाकट्या जावेची ट्रंकही त्यांनी अशीच अंगणात उपडी केली होती. नवरा खाली मान घालून बसला होता. जाऊ घर सोडून गेली, ती कायमची. आज मेकॅनिकनं मशीनच्या तळातून फडकं काढलं. आत अर्धं पैंजण होतं. “काकू, करंटच्या जळालेल्या पॉइंटांना काकांनी ह्यातलीच चांदी कापून डाग दिलाय. काका लई डोक्याचे हुते!” केशरबाईंनी ते पैंजण पदरात घेतलं. संध्याकाळी त्यानं सवयीनं पिशवी उपडी करायला घेतली. बाईंनी झडप घालून तिचं तोंड आवळलं. “नगं रं. कुनाचीच नगं.”