चमचाभर खमीर

बेकरीवाला कशालाच मानत नसे. बायकोच्या प्रार्थनेच्या कोनाड्याकडे ढुंकूनही पाहत नसे. फक्त रोज पहाटे दोनदा हात धुऊन वडिलांच्या वेळचं पावाचं खमीर ढवळायचा, अर्धं टाकून ताजं पीठ घालायचा. तोवर कोणाशी चकार शब्द नाही. “ही पूजा नाही तर काय?” बायको चिडवायची. “पूजा कसली? पिठाला शिस्त लागते!” एकदा गारठ्यात खमिराला ऊब मिळावी म्हणून त्याने भट्टीवर ठेवलेली बरणी तडकली. खमिरात काचाच काचा. साठ वर्षांची ठेव मातीमोल झाली. बायकोने कोनाड्यातून छोटी बरणी आणली. आत खमीर फसफसत होतं. “तुम्ही टाकायचात त्यातलं चमचाभर मी जगवत आले. म्हटलं, या घरात तुमचंही दैवत असू दे.” तो बरणीकडे झेपावला आणि थबकला. “थांब, आधी हात धुऊन येतो.”