वाकणारा गुडघा

म्हसळ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं विळीपुढे बसून मासळी कापली आणि त्यातच माझे गुडघे झिजले. शेवटी नमाजही खुर्चीवर बसून पढू लागले. मासळी कापायला सून हफ्साने बाई ठेवली.

गुडघे बदलायच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "साध्या सांध्याने चालाल बऱ्या, पण जमिनीवर बसणं विसरा. जास्त वाकणारा सांधाही मिळतो. व्यायाम मात्र जिवावर येईल."

कुवेतहून आलेला माझा फैझान लगेच बोलला, "वाकणाराच बसवा, डॉक्टर. अम्मीला खाली बसता आलंच पाहिजे."

माझे डोळे भरून आले. लेकाला माझा नमाजातला जमिनीवरचा सजदा आठवत होता. त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे व्यायाम दात आवळून केले.

काल किती वर्षांनी माझं कपाळ जमिनीला टेकलं. नमाज झाल्यावर हफ्साने फैझानला व्हिडिओ कॉल लावला आणि मला मुसल्ल्यावर बसलेलं दाखवलं. मी त्याच्यासाठीच दुआ मागत होते, तेवढ्यात फोनमधून त्याचा खूश आवाज आला.



"बघ हफ्सा, मी म्हटलं होतं ना? आता उद्यापासून मासळीला बाई नको."