शेवटची मोकळी जागा

चांगली नोकरी सोडून ज्ञानदाने रेगे संगीत गायचं ठरवलं, तेव्हा नंदा रागाच्या भरात लेकीला म्हणाली होती, "मग या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." ज्ञानदाने ते खरं केलं. दोन वर्षं झाली, ती फोनसुद्धा उचलत नव्हती.

तिचं गाणं असलेली रेकॉर्ड निघाल्याचं कळलं, तशी नंदा नेदरलँड्समधल्या बेस्ट या आपल्या गावाहून बस पकडून आइंडहोवन शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेली. म्हाताऱ्या सुरिनामी दुकानदाराने तिला हेडफोन दिले.

"यात वाजवणारे तेच आणि ताल एकच. त्यावर दहा जणांनी आपापलं गाणं म्हटलंय. कुणाचं लावू?"

"सहावं. माझी मुलगी आहे ती."

घरात कायम डचमध्ये उत्तरं देणारी ज्ञानदा चक्क मराठीत गात होती. "आई, मी पोचले गं. आई, मी जेवले गं. स्वेटर घातलाय, आई."

नंदाला हुंदका आवरेना. पुढचे चार गायक तिच्या कानांवरून नुसते वाहून गेले. मग तोच ताल पुन्हा सुरू झाला, पण कुणी गाईचना.

"बिघडली का हो?" तिने विचारलं.

"नाही. शेवटी एक जागा मोकळी ठेवतात. ज्याला काही म्हणायचं असेल, त्याने म्हणावं."

दुकानात गिऱ्हाईकं होती. तरी डोळे मिटून, त्या तालावर, नंदा मोठ्याने म्हणाली, "ये ना गं. मी भात टाकते."