पदकावरची थोरली

लग्नानंतर कळस गावच्या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या तळहातावर चांदीचं एक मेडल ठेवलं. माझ्या नवऱ्याचे, रविंद्रचे खापरपणजोबा कंदाहारच्या लढाईतून ते घेऊन आले होते. मेडलवरचा बाईचा चेहरा झिजलेला, पण डोक्यावरचा पदर तेवढा ओळखू येत होता. “ही आपली थोरली आजी, त्यांची बायको. पाया पड,” सासूबाई म्हणाल्या. मी पडले. मग कडेचं इंग्रजी नाव वाचलं आणि हसू आवरेना. रविंद्र डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता, तरी बोललेच, “आई, ही इंग्लंडची राणी आहे.” सासूबाईंनी मेडल पदराला पुसलं. “मला ठावं हाय. माझ्या सासूलाबी ठावं व्हतं. पण नवरा लढाईवर असताना जिनं हितं पोरं जगवली, तिचा फोटू तवा कोण काढतंय? तिच्या नावानं कुणाच्या तरी पाया पडायचं व्हतं. मग राणीलाच घेतली सून करून.”