माय वं, दार उघाड ना

दिवाळीच्या सुट्टीत रूपा धुळ्याहून सोनगीरला माहेरी आली आणि मायलेकी एका हिंदी थरारक सिरीजला चिकटल्या. सकाळपासून भागामागून भाग चालले होते. मध्ये चिवड्याचं ताट होतं. सुरतेला कामाला गेलेला मुलगा स्वप्नील बेपत्ता झाल्यापासून भागाबाई पहिल्यांदाच कशात तरी रमली होती. खुनी कोण, यावर ती लेकीशी हट्टाने भांडतही होती.

दुपारी पडद्यावर एक बंद दार आलं. आतून कुणीतरी ते ठोठावत होतं.

“माय वं, दार उघाड ना.”

भागाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. “रूपा, हाऊ आपला स्वप्नील शे!”

“माय, हिंदी सिरीज शे ती. तठे अहिराणी कोन बोली?”

रूपाने तेवढंच दृश्य पुन्हा लावलं. या वेळी नुसतं ठोठावणं ऐकू आलं. भागाबाई हात जोडून पुन्हा पुन्हा लावायला सांगत राहिली. शेवटी रूपाला ते बघवेना. तिने टीव्हीच बंद करून टाकला.

मग भागाबाई उठली आणि तिने घराचं दार सताड उघडलं. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं, माणूस कुणीच नव्हतं. तरी तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, “स्वप्नील!”

मागून, काळ्या पडद्यातून, रडवेला आवाज आला. आता तो रूपालाही ऐकू आला.

“तठे नही, माय. आठे. मी आठे शे.”

भागाबाई धावत आली आणि त्या गुळगुळीत काचेवर दोन्ही हातांनी कडी शोधू लागली.