मदत करणाऱ्याचे नाव

आम्रपालीच्या असाइनमेंटचं पहिलं पान येळवंडे सर तिसऱ्यांदा वाचत होते आणि तिसऱ्यांदाही त्यांचं डोकं चालत नव्हतं. आतली इंटिग्रेशनची गणितं पाचच्या पाच बरोबर होती. घोळ होता तो पहिल्या पानावर.

हे पहिलं पान म्हणजे सरांचीच करामत. डिप्लोमाच्या पोरांना शिस्त हवी म्हणून सत्राच्या सुरुवातीला त्यांनी दोन पानी नियम काढले होते आणि मोठ्या हौसेने वर्गात वाचून दाखवले होते. असाइनमेंटच्या वर दोन रकाने: मदत करणाऱ्याचे नाव आणि कसली मदत. खाली सही. बावन्नपैकी एक्कावन्न जणांनी दोन्ही रकान्यांत ‘निरंक’ लिहून झोकात सही ठोकली होती. त्यातल्या अकरा जणांची चौथ्या गणितातली खाडाखोडसुद्धा नेमकी एकाच ओळीत होती. पण सही होती, तेव्हा सरांना काही करता येत नव्हतं.

आम्रपालीने चार नावं लिहिली होती. ओम: दुसऱ्या गणितात माझं चिन्ह चुकलं होतं, ते दाखवलं. साक्षी: तिसरं कुठून सुरू करायचं ते सांगितलं. कंपनीतले प्रितमदादा: चौथ्याची आकृती काढून दिली. आत्या: दोन दिवस माझ्या वाटच्या भाकऱ्या केल्या.

सरांनी तिला बोलावलं. ती चाकणची पहिली शिफ्ट करून तशीच कंपनीच्या शर्टात आली होती. कंपनीत काम आणि कॉलेजात डिप्लोमा, अशा योजनेतली मुलगी. एक विषय जरी राहिला तरी कंपनी योजनेतून नाव काढते, हे सरांना ठाऊक होतं, आणि असाइनमेंटला शून्य मिळालं की तिचं गणित राहणार हे तर सरळच होतं. त्यांनी शक्य तितक्या मऊ आवाजात तिला नियम सहा सांगितला. दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या असाइनमेंटला शून्य गुण.

तिने पिशवीतून तेच दोन पानी नियम काढले आणि नियम चारवर बोट ठेवलं. ज्याची मदत घेतली त्याचे नाव लिहावे, लपवल्यास फसवणूक समजली जाईल. तिने दोन्ही नियम पुष्कळदा वाचले होते. त्यातला आधी कुठला पाळायचा, एवढंच तिला विचारायचं होतं.

सरांनी दोन्ही नियम दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखे वाचून काढले. तसे ते दुसऱ्यांनीच लिहिलेले होते. चौथा त्यांनी एका कॉलेजच्या नियमावलीतून उचलला होता, सहावा दुसऱ्याच एका कॉलेजच्या. हे दोघे कधी समोरासमोर येतील, हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“पण एवढी नावं लिहायची काय गरज होती?” त्यांनी विचारलं.

“कंपनीत जॉबला, म्हणजे बनवायच्या पार्टला, ज्याचा हात लागला, त्याचं नाव त्या जॉबच्या कार्डावर लागतं, सर. नाव नसलं तर जॉब पुढं जात नाही.” मग ती म्हणाली, “आत्याचं लिहायचं की नाही, ते मात्र कळत नव्हतं.”

सरांनी एक नवीन गणित कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवलं. आठ मिनिटांत तिने ते सोडवून दिलं, चिन्हासकट बरोबर. म्हणजे पोरीला येत होतं. आता तर सर आणखीच गोंधळले. न येणाऱ्या अकरा जणांना आपण पूर्ण गुण देणार आणि येणाऱ्या एकीला शून्य, हे त्यांना लख्ख दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. विभागप्रमुखांना गुणांची यादी चार वाजता हवी होती. पावणेचार होऊन गेले होते.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि खणातून एक कोरं पहिलं पान काढलं. दोन्ही रकान्यांत निरंक लिही, सही कर, जुनं पान मी काढून टाकतो, वीसपैकी वीस देतो, असं त्यांनी तिला एका दमात सांगून टाकलं. हे खोटं होणार नाही का, असं ती चाचरत म्हणाली, तेव्हा सर चिडलेच. तिचं वर्ष वाचावं म्हणून आपण हे करतोय, बाकी कुठल्या मुलासाठी केलं नसतं, असं त्यांनी तिला सुनावलं.

आम्रपाली कोऱ्या पानाकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. सर आपल्यासाठी एवढं करतायत, यानं तिला खरंच भरून आलं होतं. ती खुर्ची पुढे ओढून बसली, पेन उघडलं आणि पहिल्या रकान्यापाशी थांबली.

“सर, तुमचं पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली. “आणि कसली मदत केली, तिथं काय लिहू?”