चोरलेलंच जगतं

फिरायला आलेल्या मावशींच्या भल्यामोठ्या पिशवीचा मेघराज रखवालदाराला पहिल्यापासून संशय होता. वाळवंटी झाडं-प्राण्यांच्या त्या उघड्यावरच्या संग्रहालयातून आणखी काही चोरीला गेलं, तर नोकरी जाईल, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

मावशी निवडुंगापाशी घुटमळल्या, तसा तो आडवा आला. "चोरी नको, मावशी. छाटलेली फांदी देतो."

"दिलेलं रोप जगत नाही रे बाळा, चोरलेलंच जगतं. तू जरा तिकडे तोंड कर."

मेघराजला पटलं. त्याच्या आईचा मोगराही चोरीचाच होता. त्याने पाठ फिरवून वीसपर्यंत मोजलं.

वळून पाहतो तर मावशी गेलेल्या, पण निवडुंग जसाच्या तसा. उगाच संशय घेतला, म्हणून हळहळत तो कासवांकडे गेला. पाच कासवांना पाच गाजरं टाकली.

एक गाजर उरलं.